शून्यापासून, एकापासून

मे महिना. कूलरच्या टाकीत तिसरी बादली ओतून
ओल्या हातानेच खुर्चीत बसले,
तर इर्शादचा निरोप येऊन पडलेला:
"काऊन मॅडम, तुमची पहिली ओळ कोणी खाल्ली?"

खाल्ली खरी.
सोळाशे ओळींची सारणी माझ्याकडून निघाली,
त्याच्याकडे पोचल्या पंधराशे नव्व्याण्णव.
माझी मोजणी एकापासून, त्याची शून्यापासून.
त्याचं शून्य दारात उभं होतं
आणि मी त्याला हाकच मारली नव्हती.
शून्य मैलाच्या दगडावरून रोज कॉलेजला जाते मी,
एकवीस वर्षं,
तरी.

माझी लायब्ररी झपाट्याची.
हजार समीकरणं ती चहा उकळायच्या आत सोडवते,
पण सोळाव्या दशांशापाशी थोडी धूळ गिळते
आणि काही झालंच नाही असं दाखवते.
त्याची, मोमिनपुऱ्यात लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानाच्या माडीवर
रात्री दोन-दोनपर्यंत लिहिलेली,
अपूर्णांकाला अपूर्णांकच ठेवते.
एक तृतीयांश म्हणजे एक तृतीयांश,
शेपूट छाटलेले तीन-तीन-तीन नव्हेत.
फक्त पहाट होते तिला.

लोक म्हणाले, दोन्ही एक करा.
लोक म्हणाले, एक ठेवा, एक बंद करा,
कुणाची ते तुम्ही ठरवा.
आम्ही महिनाभर एकमेकांशी फार नम्रपणे बोललो.
मग मी त्याला लिहिलं:
इतवारीत सराफाकडे तराजू वेगळा असतो, कसोटी वेगळी.
कसोटीवर तोळे मोज असं
कोणी म्हणतं का?
त्याचं उत्तर एका शब्दाचं. "बरोब्बर."

तेव्हापासून असं चाललंय.
मी धावत जाऊन घर शोधते,
तो दारावरची पाटी अक्षर-अक्षर वाचतो,
हेच का ते, की शेजारचं.
चुकलं असेल तर मला परत पाठवतो,
न रागावता.

आडव्या-उभ्याचं भांडण मात्र आठवडाभर पुरलं.
मी ओळीने साठवते, तो स्तंभाने.
दर वेळी अख्खी सारणी उतरवून घ्यायची
म्हणजे मेमरीचा फज्जा.
ते सुटलं काटोलला, मामाच्या संत्र्याच्या बागेत.
या बांधावरून पाहिलं तर रांगा आडव्या,
त्या बांधावरून त्याच रांगा उभ्या,
आणि झाड एकही जागचं हललेलं नाही.
प्रत काढायचीच कशाला?
उभं कुठे राहायचं, तेवढं एकमेकांना सांगायचं.

एक्केचाळीस ओळींचा पूल झालाय मधे.
तो ना माझा, ना त्याचा.
कोणीही न्यावा, बदलावा, मोडलाच तर सांगावं.
पूर्वी कोणाच्या तरी दोनशे ओळी
जुन्या टाइपरायटरी इंग्रजी टिपांसह
मलाही अशाच फुकट मिळाल्या होत्या.
त्या माणसाचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही.

काल सहज त्याची फाइल उघडली.
आभाराच्या यादीत सगळ्यात वर:
० कल्याणी डोंगरवार.
हसू आलं. मग लक्षात आलं,
त्याच्याकडे शून्य म्हणजे पहिलं.
माझ्या यादीत मी लिहिलं, १ इर्शाद,
आणि दाबलं एकदाचं ते बटण.

सगळं जुळलंय असं नाही.
एक चाचणी अजून लालच आहे.
माझ्याकडे ऋण शून्य नावाची एक चीज असते,
त्याच्याकडे शून्याला ना डावा हात, ना उजवा.
"असं कसं असते बाप्पा?" तो विचारतो.
असतं, मी म्हणते, पण ते सांगायला
समोरासमोर बसावं लागेल,
आणि पाच किलोमीटरवर राहून
आम्ही अजून भेटलेलोच नाही.

कूलर घरघरतोय. पाणी संपलं वाटतं.