पहिली वीत

उडदाच्या सौद्यांना रंगूनला जायचो तेव्हा
दलाल को ल्विन आधी भाव सांगायचा नाही,
आधी अठरा भोकं खेळवायचा.
सातव्या भोकापाशी तळं होतं.
माझे किती चेंडू त्यात बुडाले
ते नमुन्याच्या पुडीवरच, पेन्सिलीनं, मांडून ठेवायचा.

आता जळगावात, मिलमागचा एक गाळा रिकामा आहे:
पस्तीस फूट लांब, पत्रा सोळा फुटांवर.
जाळी टांगली. पडदा आला.
हिरवं गवत गुंडाळी होऊन आलं, चटईसारखं,
आणि चटईचं कौतुक आमच्या गावाला कोणी सांगू नये.
राहिला तो डबा:
चेंडू किती वेगानं सुटला, किती उठला,
स्वतःभोवती किती फिरला, हे सांगणारा.

डब्यांच्या दोन जाती.
रडारवाला मागं बसतो,
आणि चेंडूबरोबर जातो पाठराखणीसारखा,
जिथवर वाट आहे तिथवर.
कॅमेरावाला बाजूला बसतो,
पहिली वीतभर बघतो, डोळे मिटतो.
पुढचं सगळं गणित.

माझं मन रडारवर.
मी मालाच्या मागं जाणारा माणूस:
बंदरापर्यंत, काट्यापर्यंत,
पोत्याचं तोंड शिवलं जाईपर्यंत.

सुपडू सोनवणे एकवीस वर्षं सॉर्टेक्स चालवतो.
त्याला म्हटलं, बघ रे, काय घेऊ.
त्यानं गाळ्यात एक फेरी मारली, वर पाहिलं.
"पंखा चालू ऱ्हाईन ना, भाऊ?"
मे महिना. शेचाळीस. वर पत्रा.
"चालूच राहील."
"मंग तुमचं रडार पंख्याचं पातं मोजत बसीन."

माहितीपुस्तिकेत, सतराव्या पानावर,
बारीक अक्षरात तेच निघालं.

"आन आपलं सॉर्टेक्स?
दाणा पडतो, डोळ्यासमोरून जातो,
काळा असला तं फुंकर बसते, संपलं.
तो कोणाच्या वरणात शिजला ते पाहाले
मशीन त्याच्या घरी जाते का?"

तरी रात्री झोप येईना.
वीतभर बघून दीडशे यार्डांचं सांगायचं म्हणजे
पोरीनं कप कसा ठेवला त्यावरून
पन्नास वर्षं ठरवण्यासारखं झालं.
बायको कूस बदलत म्हणाली,
"तुम्ही तर कपही बघितला नव्हता.
बशीतली शेव बघत होता."
मग किंमत विचारली, आणि उठूनच बसली.
एवढ्यात जुना एलिव्हेटर येतो, म्हणाली,
मोटारीसकट.

कॅमेराच घेतला.
चुनी उडते, म्हणून दर सहा फटक्यांनी काच पुसायची,
सॉर्टेक्सच्या काचा पुसतात त्याच मलमलीनं.

पहिल्या दिवशी सगळे चेंडू उजवीकडं.
मी मनगट बदललं, पाय बदलले,
शेवटी टोपी.
सुपडू बराच वेळ काही बोलला नाही.
मग खिशातून अख्ख्या तुरीचा एक दाणा काढून
त्यानं फरशीवर ठेवला.
दाणा घरंगळत मोरीकडं गेला.
मिलची फरशी, धुवायच्या पाण्यासाठी
वडिलांनीच उतार ठेवलेला.

कपाटातून त्यानं नमुन्याची एक पुडी आणली
आणि डब्याच्या एका पायाखाली सरकवली.
वर को ल्विनचं अक्षर: माल, ओल, तारीख.
खाली पेन्सिलीत, चार.
त्या तारखेनंतर त्याचा फोन लागलेला नाही.

"आता मारा."

पडद्यावर एकशे बेचाळीस, सरळ.
चेंडू बारा फुटांवर, जाळीत,
अजून हलत होता.
सुपडू वाकून बघत होता
पुडी फुटली तर नाही.