दाराजवळची खरवड

भुवयांचा चिमटा जागेवर नाही म्हटल्यावरच ओळखलं,
वेन्झूनं पुन्हा काहीतरी उघडलंय.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र,
त्यावर वीतभर ओतीव बस, उलटी,
चारही चाकं छताकडे,
झाडूखाली सापडलेल्या झुरळासारखी.
पोटाशी दोन रिव्हेट.
त्यांच्या टाळूवर ड्रिल टेकवून
श्वास रोखून बसलाय हा सत्तरी ओलांडलेला माणूस,
माझ्या तिन्ही बाळंतपणांत ज्यानं
बाहेरच्या बाकावर घोरून घेतलं.

चंदेरी भुगा. टक्.
अंग वेगळं, तळ वेगळा.
आतून निघाली बाकांची अख्खी पट्टी,
खिडक्या म्हणून एकच पारदर्शक प्लॅस्टिक,
आणि एक ड्रायव्हर,
कंबरेखाली काहीच नसलेला.
"शेवटच्या फेरीनंतर," वेन्झू म्हणाला,
"आम्ही सगळे असेच असायचो."

मग मुरंब्याची बरणी गेली.
लंडनचा लाल त्यात रात्रभर बुडवला.
सकाळी तो सुरकुतून
सायीसारखा सुटून आला.
उरलंसुरलं दात घासायच्या ब्रशानं काढलं.
ब्रश कुणाचा, ते मी विचारलं नाही.
नागडं जस्त हातात घेतलं तर
गार होतं, आणि दिसतं त्याहून जड.

गच्चीवर अभ्र्यांशेजारी
तारेला टांगून वाळला करडा हात,
त्यावर निळा.
तेव्हा बोर्मलात आमच्या वाटेच्या बसला निळाच असायचा,
रंगावरून गाव कळायचं,
अक्षर न येणारी माझी आईसुद्धा कधी चुकली नाही.
"छान दिसते," मी म्हटलं. "झाली?"

दुसऱ्या दिवशी त्यानं सबंध निळ्यावर हिरवा मारला.
तिसऱ्या दिवशी हिरव्यावर पिवळा,
छत पांढरं, कमरेला नारिंगी पट्टा,
श्वासाच्या वाफेनंही हलेल अशा ब्रशानं.

"दिसणार शेवटी एकच."
"खऱ्या बसचाही दिसायचा एकच.
सरकारचं मन बदललं
की आम्ही डबे आणायचो.
खालचा खरवडायला पैसा कुणापाशी होता?
नार्दू म्हणायचा,
चढावर दम लागतो तो माणसांनी नव्हे, रंगानं."

नार्दू. भाऊ. अर्ध्या बसचा मालक.
दारात लटकून अंगठीच्या हातानं पत्रा ठोकायचा,
दोनदा, म्हणजे चल.
त्या जुलैत जुन्या बसगाड्या रस्त्यावरून काढल्या,
भरपाईचे पैसे आले,
त्यातले ऐंशी युरो कुणाकडे राहिले
यावर दोघांचं अजून एकमत नाही.
रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर
टोप्या हलतात तेवढ्याच.

शनिवारी वेन्झूनं नखाएवढा पॉलिश कागद घेतला
आणि दाराजवळ एकाच जागी
हळूहळू घासत राहिला.
पिवळा विरला, आत हिरवं कडं आलं,
त्याच्या आत
निळ्याचा एक ठिपका.
तिथे त्यानं हात आवरला.
चष्मा काढून बराच वेळ पुसला.

रविवारी नार्दू आला.
बोलावलं कुणी?
मी. चिमट्याचा सूड.

बस त्यानं खिडकीपाशी नेली,
डोळ्याजवळ धरली, लांब धरली.
मी कॉफी ओतायची थांबले.
"इतक्या खाली?" तो म्हणाला.
"मी काय दारात गुडघ्यांवर उभा असायचो?"

वेन्झू काही बोलला नाही.
पॉलिश कागद त्याच्याकडे सरकवला.
नार्दूनं तो घेतला नाही.
सुजलेल्या सांध्यात अडकून बसलेली अंगठी
त्यानं बोटावरच फिरवून नीट केली
आणि दाराच्या थोडं वर, आपल्या उंचीवर,
ठोकलं.
दोनदा.

पिवळ्याचा टवका उडाला की नाही
मला दिसलं नाही.
टेबलाखाली माझ्या पायावर
वेन्झूचा डावा पाय पडला होता,
क्लच दाबत होता.