दृश्यता तीस मीटर

सकाळी शटर वर केलं की पहिलं काम पोस्टर पुसायचं.
वास्कोत सगळ्यावर कोळसा बसतो,
वाळत घातलेल्या पापडांवर, तुळशीवर, मुलांच्या वह्यांवर,
तसा माझ्या मालदीवच्या प्रवाळावरही.
ओल्या फडक्याखाली आधी पिवळा मासा उजळतो,
मग जांभळा पंखा,
मग कोपऱ्यातली किंमत,
कर वेगळे.

मी विकते सहा रात्री, सात दिवस, दहा डुबक्या.
अंदमान, लक्षद्वीप, मालदीव;
पैसेवाल्यांसाठी इंडोनेशियातली बेटं,
ज्यांची नावं मला अजून एका दमात घेता येत नाहीत.
'बुडणं' हा शब्द वापरायचा नाही,
गडेकर सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.
'उतरणं' म्हण. जिन्यावरून उतरल्यासारखं.
आणि कासव दिसेलच, असं म्हणू नको.
कासवं तिथं असतात, एवढंच म्हण.

मी स्वतः बायण्याला, गुडघाभर पाण्यात.
त्यापुढे आईने जाऊ दिलं नाही,
नंतर मीच गेले नाही.

परवा फ्लाविआनो कुलासो आले.
वय अडुसष्ट, कडक इस्त्रीचा शर्ट, लाकडी मुठीची छत्री.
बंदरात टगवर होते, एकतीस वर्षं.
डोंगराएवढी जहाजं दोराने धक्क्याला आणली,
गुरं गोठ्यात आणावीत तशी.
पैसे मुलीने पाठवलेत,
ती स्विंडनमध्ये गोदामात पाकिटं भरते.
"एकतीस वर्षं पाण्यावर," म्हणाले,
"पाण्याच्या आत एकदाही नाही.
बाये, सकयल आवाज आसता?"

खाली आवाज असतो का.
माझ्या ब्रोशरमध्ये हे नाही.
मी म्हटलं, आपलाच श्वास ऐकू येतो म्हणे,
आणि पोपटमासे दगड कुरतडतात तो,
शेजारच्या खोलीत कुणी फुटाणे खात असल्यासारखा.
ते हसले. फुटाण्यांना की मला, कळलं नाही.

मग फॉर्म.
दमा? नाही.
कान? नाही.
हृदय?
पेन थांबलं.
"दोन स्टेंट घातलेत मडगावला. चार वर्षं झाली.
लिहू की नको?"

ह्या महिन्यात मला अजून तीन बुकिंगं हवी होती.
पंखा फिरत होता. बाहेर वॅगनी एकमेकींवर आपटत होत्या.
मी म्हटलं, लिहा.
"लिहिलं तर?"
तर डॉक्टरची चिठ्ठी लागेल. आणि डॉक्टर देणार नाही.
मग घाईघाईने म्हटलं,
काचेच्या तळाची होडी असते, सर, बसल्या बसल्या सगळं…
"चित्र तर मी इथंही बघतोय," म्हणाले.

रागावले नाहीत. उठून पोस्टरपाशी गेले,
वरच्या कडेला माझा हात पोचत नाही
तिथून एक बोट फिरवलं. बोट काळं.
"हा आमचाच," म्हणाले,
घरातल्या पोराची ओळख करून द्यावी तसं.
"मीच ओढून आणलेला असणार.
ऑस्ट्रेलियाहून येतो. तिथंही पोवळी आहेत ना?"
आहेत, मी म्हटलं.
मे महिन्यात परतलेल्या एका जोडप्याने
फोन माझ्या तोंडासमोर धरून दाखवली होती पोवळी, कुठल्याशा बेटावरची,
भट्टीतून काढलेल्या शिंपल्यांच्या चुन्यासारखी,
आणि पैसे परत मागितले होते.
ते नाही सांगितलं.

आज सकाळी फडकं ओलं केलं.
मासा पुसला, पंखा पुसला, किंमत पुसली.
स्टूल घेऊन वर चढले, तर कडेला त्यांच्या बोटाची रेघ,
निळी, वीतभर,
तेवढंच पाणी स्वच्छ.
भोवतीचं तसंच राहू दिलं.

नऊ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.
हो, म्हटलं, दृश्यता तीस मीटर.
कासवं तिथं असतात.