अठरा सेकंद

मे महिन्यातल्या एका दुपारी, त्रेचाळीसच्या पुढच्या कुठल्यातरी आकड्यात,
मानेवाड्याच्या आमच्या मागच्या खोलीत
शर्वीनं स्टीलच्या पेल्यातून
कूलरला पाणी पाजलं.
जाळीला पेला लावून म्हणाली,
"पी ना बे. केव्हाचा ओरडून रायला."
अकराव्या सेकंदाला कूलरच्या पोटात
काहीतरी गुडुक् झालं.
"हं. शाब्बास."

एवढंच.
अठरा सेकंद, त्यातले शेवटचे दोन
माझ्या अंगठ्याचे.

रात्री जेवताना चार हजार होते.
मंगळवारी नऊ लाख.
कुणी ऑफिसच्या जिन्यात बसून चाळीसदा पाहिलं म्हणे.
मस्कतच्या एका नर्सनं विचारलं,
कूलरला आता बरं आहे ना?
पुसदच्या कुणा आजोबांना शब्द टाइप करता येईनात,
त्यांनी संत्री पाठवली, ओळीनं सतरा.
लोक म्हणू लागले "हं. शाब्बास"
मिक्सरला, चढावर दमलेल्या ऑटोला,
गणिताचा पेपर देऊन आलेल्या पोराला.
एका मुलीनं लिहिलं,
मला असं कधी कुणी म्हटलंच नाही.
तिच्याखाली तीनशे अनोळखी माणसं
एकामागून एक म्हणत गेली.
ते मी प्रणोतीला वाचून दाखवत होतो
आणि मधेच
मला पुढचं वाचता येईना.

सक्करदरा चौकात, लाल दिव्याला, हेल्मेटमधून आवाज:
"काका, तुम्ही कूलरवाल्या पोट्टीचे पप्पा ना?"
मी हो म्हणालो,
बढती मिळाल्यासारखा.

मग डिसेंबरात वर्ध्याहून दोघी आल्या,
कॉलेजच्या, हातात चॉकलेट आणि एक फ्रॉक
जो शर्वीला मे महिन्यातच बसला असता.
"बोल ना गं त्याच्याशी. एकदाच."
फोन आधीच वर धरलेला.

कूलर कोपऱ्यात, जुन्या चादरीत,
सुतळीच्या दोन वेढ्यांत,
डोक्यावर पापडाचा डबा.
शर्वीच्या नाकाला सर्दी.
तिनं दोघींकडे पाहिलं,
घरात चपला घालून आलेल्यांकडे पाहतात तसं.
"हळू बोला ना.
झोपून हाये तो."

फोन खाली आला.
त्यानंतर तासभर आम्ही पाची जणं कुजबुजत होतो,
वर्ध्याबद्दल, थंडीबद्दल, त्यांच्या मेसमधल्या वरणाबद्दल.
चहा ढवळताना चमचा कपाला लागू दिला नाही कुणी.
आणि आत प्रणोतीनं
शिट्टी व्हायच्या आधीच
कुकरखालचा गॅस बंद केला.