खोका नंबर चौदा

दिघ्याच्या शेडमध्ये पारसिकचा डोंगर
आडवा निजवलाय, लाकडी खोक्यांत,
मनगटाएवढा जाड.
बोगदा जायचाय त्याच्यातून.
माझं काम त्याला पाणी लावायचं.
कोरडा दगड काही सांगत नाही.
ओला फडका फिरवला की रंग वर येतो,
काळा, मग हिरवट,
मग पुरळ उठल्यासारखे पांढरे ठिपके:
लाव्ह्यातले बुडबुडे, मागाहून स्फटिकांनी भरलेले.
एकात तर सुया आहेत, केसाहून बारीक.
तिथं फुंकरसुद्धा मारायची नाही.

अकरा मीटरला एक लाट संपते,
तेविसाला दुसरी.
आग आली, थिजली, गप्प झाली.
पुढची यायला किती काळ गेला
ते दगडाला ठाऊक नाही, मातीला ठाऊक.
दोन लाटांच्या मध्ये वीतभर तांबडी,
भाजलेल्या विटेसारखी,
नखाने खरवडली तर बोटाला लागते.
तेवढ्या वितीत पाऊस झाले, काहीबाही उगवलं,
मग वरून पुन्हा आगीचं झाकण बसलं.
हिमालय तेव्हा अजून उभा राहायचा होता.
हे भाच्याला सांगितलं तर म्हणाला,
मग आपला डोंगर एवढा बुटका का?
झिजला, म्हटलं. थोरला आहे.

रिगवरचा देवजी लहांगे माहुलीच्या पायथ्याचा.
दुपारी खोक्यांना टेकून बसतो,
नाचणीची भाकरी, सुकट, गुडघ्यावर कांदा.
एकदा माझ्याकडचा जुना नकाशा बघून
घास तोंडात असतानाच हसला.
त्याच्या खापरपणज्याने म्हणे
मोजणीच्या साहेबाची दुर्बीण
पाठीला बांधून माहुलीवर चढवलेली,
पितळेची, मेल्या म्हशीएवढी जड.
सहा जण निघाले, पाच पोचले.
सहाव्याचं नाव देवजीलाही माहीत नाही.
वर साहेबाने भिंगाला डोळा लावला,
दूरच्या शिखरावरचं निशाण धरलं,
कोन लिहून घेतले
आणि विचारलं, पाणी कुठाय?
पणज्याने हात केला भलत्याच घळीकडे.

का रे?

झरा दावला असता तर तळ ठोकला असता बाई.
मग कुठला परत जातो.

साहेबाने कागदावर खूण केली.
ती खूण या नकाशावर आहे, देवजीने बोट ठेवलं,
बोटाला सुकटीचं तेल.
तिथं जन्मात कधी पाणी नव्हतं.
त्यांच्या पाड्यात अजून
पाण्याला गेलेली पोर उशिरा आली
की विचारतात,
साहेबाच्या झऱ्यावर गेलीवतीस का?

आणि खरा झरा?
त्याने माझ्याकडे जरा वेळ बघितलं.
मग भाकरीचा हात पुसून
खोका नंबर चौदामधल्या तांबडीवर टेकवला.
हिच्या डोक्यावर.
ही पाण्याला खाली जाऊ देत नाही.
डोंगराला फेरी मारा,
समदे झरे एकाच रेघेत.

मला हे दुसऱ्या वर्षाला होतं, दोन मार्कांना.

पुढच्या भोकात त्याने आदल्या दिवशीच सांगितलं
आणि सदतीस मीटरला,
तांबडी लागायच्या हातभर आधी, पाणी आलं.
देवजीने मशीन बंद केलं, तोंड धुतलं.

आमच्या हिशोबात दहा सेंटिमीटरहून लांब तुकडेच धरतात,
त्यावरून खडकाची पत ठरते.
तांबडीचा एकही तुकडा भरत नाही.
तिच्या रकान्यात शून्य.
शेऱ्यात मी लिहिलं:
पाणी, ३७.४०. दे. लहांगे यांनी आधीच सांगितले होते.
वरिष्ठांनी दुसरं वाक्य खोडलं.
पेन्सिलीचं होतं, पण दाबून लिहिलेलं;
कागद तिरका धरला तर अजून वाचता येतं.

देवजीला तिरका धरून दाखवला.
बरं झालं, म्हणाला.
पत्ता कशाला द्यायचा?