पार्ट मागवावा लागेल

मोठ्या क्लबला पंधरा दिवस सुट्टी.
आमचे अकरा आपापल्या देशांच्या रंगांत पांगलेत,
आणि पासावरची माझी जागा,
वरचा मजला, रांग एन, एकशे बारा,
मिटल्या मिटल्या बसून असेल.

शनिवार मात्र आलाच.
त्याला कुणी कळवलेलं नसतं.

म्हणून गॅसवर्क्स लेन.
एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला भाजीचे वाफे,
मधे स्केल्डन वेल्फेअरचं मैदान, असं उतरतं
की वरच्या कॉर्नरला बादली लवंडली
तर पाणी आपलं आपण गोलात जाईल.
फाटकावर अल्विन, मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
पाच पाउंड, पेन्शनवाल्यांना तीन.
"तुझं वय विचारत नाही, ग्लेन्डा," म्हणतो आणि तीनच घेतो.
दर माणसामागे त्याच्या अंगठ्याखालचं यंत्र टक् करतं.
कुत्र्यांना टक् नाही.
धरली असती तर दीडशेच्या वर गेलो असतो.

आणि गोलात कोण?
डेन ऑर्मरॉड.
मंगळवारी माझ्या स्वयंपाकघरात गुडघे टेकून
ज्यानं बॉयलरचं पोट उघडलं, आत टॉर्च मारला,
"पार्ट मागवावा लागेल" म्हणाला,
आणि चहा पिऊन जो गेला तो गेला.
चार रात्री मी कोट घालून झोपतेय,
आणि हा इथे पोपटी शर्टात हातमोज्यांवर थुंकतोय!

मुद्दाम गोलामागच्या कठड्याशी जाऊन उभी राहिले.
रांग एनमधून माणसं मुंग्यांएवढी दिसतात.
इथे त्याच्या पोटरीवरचं मोज्याचं भोक दिसतं,
धाप ऐकू येते, शिवी ऐकू येते,
शिवीमागोमागचं "सॉरी, मिसेस प्रॉक्टर"ही.

"डेन, पार्टचं काय झालं?"
"कॉर्नर आहे, मिसेस प्रॉक्टर."
"तो दिसतोय मला."

चाळिसाव्या मिनिटाला त्यांच्या बॅकनं असा बॉल हाणला
की कुंपण ओलांडून थेट लीकच्या वाफ्यात.
दुसरा बॉल आधीच कालव्यात.
बावीस माणसं कमरेवर हात ठेवून उभी.
रेफ्रीनं घड्याळाकडे पाहिलं, मग आभाळाकडे,
मग माझ्याकडे. सगळ्यांत जवळ मीच होते.

गेले. घोटाभर चिखल.
पातींच्या मधोमध रुतून बसला होता. उचलला.

बावीस वर्षं पास काढतेय मी.
बॉल हातात घेतल्याला मात्र
शाळा सुटल्यापासूनची वर्षं मोजावी लागतील.
केवढा जड. ओला. शेणखताचा वास,
कडक, आणि तरी अंगठ्याखाली किंचित दबणारा,
भट्टीतून नुकत्याच निघालेल्या पावासारखा.
हसू नका, पण द्यावासाच वाटेना.

"मिसेस प्रॉक्टर!" कुंपणापलीकडून डेन,
"पार्ट आलाय! सोमवारी आठला!"
"नक्की?"
"बॉल टाका!"
"आधी नक्की म्हण."
एकशे सव्वीस माणसं हसली. कुत्री वेगळी.

टाकला. कुंपणावरून गेला, जेमतेम.

उत्तरार्धात पेनल्टी.
त्यांचा सेंटर फॉरवर्ड, लाकडाच्या वखारीतला दांडगा गडी,
बॉल ठेवतो, उचलतो, शर्टाला पुसून पुन्हा ठेवतो.
देशासाठी मी कधी देव पाण्यात घातले नाहीत.
त्या घटकेला एका प्लंबरसाठी घातले.
डेन उजवीकडे झेपावला, बॉल डावीकडे आला,
आणि मागे राहून गेलेल्या पायाला,
त्या भोकाच्या मोज्याला लागून
बाहेर.

अल्विन डबा वाजवत राहिला, नाणी उडेपर्यंत.
शून्य-शून्य. याहून जास्त काही घडलं नाही.

आता रात्र. कोट, वर दुसरा कोट.
रेडिओवर देश कुठेतरी उन्हात खेळतोय,
समालोचकाचा आवाज चढतो, उतरतो.
नखांतला वाफ्याचा चिखल अजून तसाच,
गार पाण्यानं थोडाच निघतोय.

सोमवारी आठला.
साडेआठ धरते.