राखलेला डाव

नमुना क्रमांक दोनशे सतरा.
म्हैस पंढरपुरी, नाव कस्तुरी, तिसरं वेत,
मागचं डावं सड दगडी.
मालक शिवलिंग इराप्पा गवळी, गंगावेस.

रात्रभर उबेत ठेवलेली काचेची ताटली
सकाळी खिडकीच्या उजेडात धरते.
खरवसासारख्या फिक्या थरावर
जंतूंनी साय धरलेली,
सायीत औषधांच्या सहा पांढऱ्या टिकल्या.
औषध चालतं, तिथं टिकलीभोवती
चंद्राला पडतं तसं खळं पडतं.
पहिलीला खळं नाही.
दुसरीला नाही.
तिसरीला आहे, पट्टीवर नऊ मिलिमीटर,
म्हणजे नसल्यातच जमा.
चौथी, पाचवी : साय थेट येऊन भिडलेली.
सहावीभोवती तेवढं
सारवल्यासारखं रिकामं अंगण.

सहावीचं नाव मी लगेच लिहीत नाही.
पेनाचं टोपण लावते, काढते.
ते औषध राखून ठेवलंय
सीपीआरमधल्या कुठल्याशा खाटेसाठी,
जिथं बाकीचं सगळं देऊन झालेलं असेल.

आमच्या गल्लीच्या तालमीत रंगराव वस्ताद होते.
ढाक, कलाजंग, धोबीपछाड,
पठ्ठ्याला सगळं शिकवायचे,
एक डाव मात्र कनवटीला.
उद्या पठ्ठ्याच उलटला तर?
आम्ही पोरी झरोक्यातून बघायचो,
हळदीचा, ताकाचा, घामाचा वास यायचा लाल मातीला.

आपण उलटंच केलं.
दोन दिवस सुई, सूज उतरली की बंद.
उरलेली बाटली फडताळात,
तीच पुढं शेजारच्याच्या रेडकाला, अंदाजानं.
कोंबड्यांच्या खाद्यात चिमूटभर,
आजार नसताना, वजन भरावं म्हणून.
रोज नुसती खडाखडी,
निकाली कुस्ती कधीच नाही.
चितपट कुठं केलं आपण ह्यांना,
ह्यांचा सराव घेतला.
आणि आता कनवटीला हात जातोय.

संध्याकाळी कट्ट्यावर गेले.
पाठीवर रेललेल्या शिंगांची रांग,
ग्लासात धार पडल्याचा आवाज,
आधी पातळ, मग फेसात बुडत जाणारा.
शिवलिंगमामांना सांगितलं :
डॉक्टरांनी लिहिली तरच सुई,
लिहिली तेवढी पुरी,
आणि नंतर चार दिवस दूध विकायचं नाही.

"चार दिस? आनि ह्या पोरांस्नी काय सांगू?"
कान मोडलेली तीन पोरं
ग्लास विसळून उभी होती.
"बरं ते ऱ्हाऊ दे. तुझ्या ताटलीत
चालली कुठली सुई, तेवढं सांग."

खोटं बोलायला हवं होतं का, अजून कळत नाही.
म्हटलं, "एक चालली. ती म्हशीसाठी नाही."
मामा बघत राहिले.
डोळ्यांत राग नव्हता, हिशेब होता.
मग कस्तुरीच्या कासेला तळवा लावला,
तवा तापलाय का बघतात तसा.
"म्हंजे ह्ये सड गेलं म्हनायचं."
"आटवूया. तीन सडांवर देते की म्हैस."
"देती. न द्यायला ती काय मानूस हाय?"

तिची वेगळी काढलेली बादली उचलून
ते गटाराकडं वळले.
"तिथं नको मामा!"
गटार पुढं पंचगंगेलाच जातं.

ते थांबले. पोरंही थांबली.
"मग कुठं?"

ह्याचा रकाना आमच्या अहवालात नाही.
बादलीत बल्बचा उजेड हलत होता.
कस्तुरीनं शेपटीनं एक माशी उडवली,
ती पलीकडच्या म्हशीवर जाऊन बसली.